संपीडन चाचणी आणि संपीडन गुणोत्तर

संपीडन चाचणी ही अंतर्ज्वलन इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवेचे किंवा इंधन-मिश्रणाचे संपीडन पुरेसे होते किंवा नाही, हे दाबमापकाच्या साहाय्याने तपासण्याची पद्धत आहे. गॅरेजमध्ये हिला सामान्यतः ‘कॉम्प्रेशन चेक करणे’ असे म्हणतात. संपीडन गुणोत्तर ही सिलिंडरच्या रचनेवरून ठरणारी, दोन घनफळांची तुलना करणारी संख्या आहे. चाचणीत मिळणारा दाब या गुणोत्तरावर अवलंबून असतो. परंतु झडपांच्या उघडझापीची वेळ, गळती, उष्णतेचा व्यय, इंजिन फिरण्याचा वेग आणि स्थानिक वातावरणीय दाब यांचाही त्यावर तेवढाच प्रभाव पडतो. त्यामुळे केवळ दाबाच्या नोंदीवरून इंजिनाचे संपीडन गुणोत्तर खात्रीने काढता येत नाही. एकाच इंजिनाच्या निरनिराळ्या सिलिंडरांची परस्परांशी आणि उत्पादकाने दिलेल्या प्रमाण दाबाशी तुलना करणे, हा या चाचणीचा खरा उपयोग होय.

संपीडन गुणोत्तराची व्याख्या

सिलिंडरमधील दट्ट्या (पिस्टन) सर्वांत खालच्या टोकाला असताना त्याच्यावर जेवढी मोकळी जागा असते, तिला दट्ट्या सर्वांत वरच्या टोकाला असताना उरणाऱ्या जागेने भागले असता संपीडन गुणोत्तर मिळते. वरच्या टोकाशी उरणाऱ्या जागेस शेष घनफळ आणि एका धावेत दट्ट्या जेवढी जागा व्यापतो तिला विस्थापित घनफळ म्हणतात.

संपीडन गुणोत्तर = (विस्थापित घनफळ + शेष घनफळ) ÷ शेष घनफळ

या लेखात पुढील उदाहरण सर्वत्र वापरले आहे. एका सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर व धावेची लांबी ८० मिलिमीटर असल्यास विस्थापित घनफळ सुमारे ४०२.१ घन सेंटीमीटर होते. शेष घनफळ ४४.७ घन सेंटीमीटर असेल, तर संपीडन गुणोत्तर १० येते. ते १०:१ असे लिहिण्याची पद्धत आहे.

पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राची औष्णिक कार्यक्षमता या गुणोत्तरावर अवलंबून असते. हवेसाठी घातांक १.४ धरल्यास गुणोत्तर ८ असताना ती सुमारे ५६ टक्के, तर १० असताना सुमारे ६० टक्के येते. प्रत्यक्ष इंजिनाची कार्यक्षमता याहून बरीच कमी असते. गुणोत्तर वाढवण्यास मर्यादा येते ती मुख्यतः इंधन-मिश्रण आपोआप पेटल्याने होणाऱ्या इंजिनाच्या ‘नॉकिंग’मुळे. म्हणून इंजिनास किती ऑक्टेन अंकाचे पेट्रोल लागेल, हा प्रश्न गुणोत्तराशी निगडित असतो. दाबाच्या नोंदीवरून गुणोत्तर काढण्याचा मोह होतो, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

चाचणीची पद्धत

पेट्रोल इंजिनाची चाचणी सामान्यतः पुढीलप्रमाणे केली जाते.

१. इंजिन नेहमीच्या कार्यतापमानापर्यंत गरम करून बंद करतात. बॅटरी पूर्ण भारित असावी लागते.

२. इंधनपुरवठा व प्रज्वलन-यंत्रणा निष्क्रिय करतात, जेणेकरून पेट्रोल फवारले जाणार नाही आणि उघड्यावर ठिणगी पडणार नाही.

३. सर्व स्पार्क प्लग काढतात. एकच प्लग काढल्यास अन्य सिलिंडरांच्या विरोधामुळे इंजिन हळू फिरते आणि दाब कमी दिसतो.

४. दाबमापकाची नळी प्लगच्या छिद्रात आटे बसवून घट्ट करतात.

५. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवतात. चार ते सहा संपीडन-धावांनंतर काटा स्थिरावला की नोंद घेतात. प्रत्येक सिलिंडरसाठी धावांची संख्या सारखीच ठेवतात.

दाबमापकाच्या नळीत एकदिशा झडप असते. तिच्यामुळे आत गेलेला दाब परत येत नाही आणि प्रत्येक धावेबरोबर काटा वर चढत जातो. पहिल्याच धावेत दाब चांगला वाढून पुढे थोडाथोडा वाढणे हे निकोप सिलिंडरचे लक्षण आहे. पहिल्या धावेत दाब अल्प असून पुढे तो सावकाश साचत गेल्यास पिस्टन-रिंगांच्या झिजेचा संशय घेतात. म्हणून अंतिम नोंदीसह पहिल्या धावेचीही नोंद ठेवणे उपयुक्त ठरते.

डिझेल इंजिनात दाबमापक इंजेक्टरच्या किंवा ग्लो प्लगच्या छिद्रात बसवतात. तेथील दाब पेट्रोल इंजिनाच्या दुपटीहूनही अधिक असू शकतो, म्हणून त्यासाठी अधिक क्षमतेचा स्वतंत्र मापक लागतो. पेट्रोल इंजिनाचा मापक डिझेल इंजिनास लावणे धोक्याचे आहे.

दाबाची एकके

दाब बार, किलोपास्कल, किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर किंवा पौंड प्रति चौरस इंच या एककांत दर्शविला जातो. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, सुमारे १.०२ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर किंवा सुमारे १४.५ पौंड प्रति चौरस इंच.

दाबमापकाचा काटा वातावरणीय दाबापेक्षा अधिक असलेला दाबच दाखवतो. यास मापक-दाब म्हणतात. समुद्रसपाटीवर वातावरणाचा प्रमाण दाब १.०१३ बार असतो. तो मापक-दाबात मिळवला म्हणजे निरपेक्ष दाब मिळतो. वायूंच्या नियमांवर आधारलेल्या सर्व गणितांत निरपेक्ष दाबच वापरावा लागतो.

दाब आणि गुणोत्तर यांचा संबंध

एक सोपा हिशेब पुष्कळदा सांगितला जातो: मापकावरील आकड्यास वातावरणीय दाबाने भागावे, म्हणजे गुणोत्तर मिळते. हा हिशेब दोन कारणांनी चुकतो. पहिले कारण असे की त्यात मापक-दाब व निरपेक्ष दाब यांतील भेद पाळलेला नसतो. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण असे की दाब आणि घनफळ यांचे असे सरळ व्यस्त प्रमाण वायूचे तापमान स्थिर राहिले तरच टिकते. जलद संपीडनात हवा तापते आणि तापल्यामुळे तिचा दाब आणखी वाढतो. सायकलच्या पंपाचे टोक हवा भरताना गरम होते, ते प्रामुख्याने याच कारणाने.

संपीडनाचे अधिक योग्य समीकरण पुढीलप्रमाणे आहे.

निरपेक्ष अंतिम दाब = निरपेक्ष आरंभीचा दाब × (परिणामी गुणोत्तर)^घातांक

तापमान स्थिर राहिल्यास घातांक १ असतो. उष्णता मुळीच बाहेर न गेल्यास हवेसाठी तो १.४ असतो. स्टार्टरने फिरणाऱ्या इंजिनात दट्ट्या सावकाश सरकतो. हवेची बरीच उष्णता सिलिंडरच्या भिंतींत जाते आणि थोडी हवा रिंगांमधून निसटते. म्हणून व्यावहारिक हिशेबात घातांक सुमारे १.२ ते १.३ धरला जातो.

समीकरणातील ‘परिणामी गुणोत्तर’ हे व्याख्येतील भौमितिक गुणोत्तराहून लहान असते. प्रवेश-झडप दट्ट्या खालच्या टोकाला पोहोचताक्षणी मिटत नाही. दट्ट्या वर निघाल्यावरही ती काही काळ उघडी असते. वेगात चालणाऱ्या इंजिनात आत येणाऱ्या हवेच्या झोतास गती असते, म्हणून ही दिरंगाई अधिक हवा भरण्यास उपयोगी पडते. मंद वेगात मात्र तेवढ्या वेळात काही हवा आल्या वाटेने परत जाते. खरे संपीडन झडप मिटल्यानंतरच सुरू होते.

वरील उदाहरणात संयोगदांड्याची लांबी १४० मिलिमीटर असून प्रवेश-झडप खालच्या टोकानंतर ५० अंशांनी मिटते असे मानू. तोपर्यंत दट्ट्या सुमारे १०.९ मिलिमीटर वर आलेला असतो. दट्ट्यासमोर व्यापण्याजोगे ३४७.४ घन सेंटीमीटर उरतात आणि परिणामी गुणोत्तर १० ऐवजी सुमारे ८.८ होते. घातांक १.२ धरल्यास निरपेक्ष दाब सुमारे १३.७ बार, म्हणजे मापकावर सुमारे १२.७ बार (१८४ पौंड प्रति चौरस इंच) येतो. १०:१ गुणोत्तराच्या निकोप पेट्रोल इंजिनात प्रत्यक्ष दिसणारे आकडे साधारणतः याच्या आसपास असतात.

याच १२.७ बार नोंदीवरून उलट दिशेने गुणोत्तर काढू पाहिल्यास काय होते, ते पाहण्यासारखे आहे. तापमान स्थिर मानल्यास उत्तर सुमारे १३.५ येते. उष्णतेचा व्यय शून्य मानून आणि झडपेची वेळ विचारात न घेता उत्तर काढल्यास ते सुमारे ६.४ येते. खरे गुणोत्तर १० आहे. नोंद अचूक असूनही केवळ गृहीतकांमुळे उत्तर दुपटीहून अधिक बदलते.

पुढील तक्त्यात याच सिलिंडरसाठी, समुद्रसपाटीवर व गळतीचा वेगळा विचार न करता, मापकावर अपेक्षित असलेला दाब दिला आहे.

| भौमितिक गुणोत्तर | परिणामी गुणोत्तर | घातांक १.२ असता (बार) | घातांक १.३ असता (बार) |
|---|---|---|---|
| ८ | ७.० | ९.५ | ११.८ |
| ९ | ७.९ | ११.१ | १३.९ |
| १० | ८.८ | १२.७ | १६.० |
| ११ | ९.६ | १४.४ | १८.३ |
| १२ | १०.५ | १६.० | २०.५ |

तक्त्यात १६ बार ही नोंद दोनदा आली आहे: एकदा गुणोत्तर १० असताना आणि एकदा १२ असताना. इंजिनाची अन्य माहिती हाती नसेल, तर या दोहोंतील कोणते खरे, हे मापक सांगू शकत नाही.

नोंदीवर परिणाम करणारे घटक

समुद्रसपाटीपासूनची उंची: मापकावरील नोंद स्थानिक वातावरणीय दाबाच्या सम प्रमाणात बदलते. उदाहरणातील सिलिंडरची मुंबईत १२.७ बार असलेली नोंद सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात सुमारे ११.९ बार, तर सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे सुमारे ८.३ बार होईल. इंजिन तेच आणि गुणोत्तरही तेच राहते. डोंगराळ प्रदेशात घेतलेली नोंद मैदानी प्रदेशासाठी छापलेल्या आकड्याशी ताडून पाहिल्यास निकोप इंजिनही झिजलेले भासते.

फिरण्याचा वेग: बॅटरी दुर्बल असल्यास इंजिन हळू फिरते. उष्णता व हवा दोन्ही निसटण्यास अधिक वेळ मिळतो आणि नोंद घटते.

थ्रॉटल: तो मिटलेला राहिल्यास सिलिंडरमध्ये पुरेशी हवाच येत नाही. अशा वेळी सर्व सिलिंडरांच्या नोंदी सारख्याच खालावतात.

कॅमशाफ्ट आणि झडपांची वेळ: शर्यतीच्या इंजिनांत प्रवेश-झडप फार उशिरा मिटते. त्यांचे गुणोत्तर मोठे असूनही चाचणीतील दाब कमी येऊ शकतो. टायमिंग बेल्ट किंवा साखळी एखादा दाता सरकली, तरी सर्व सिलिंडरांचा दाब बदलतो.

मापकाची नळी: एकदिशा झडप प्लगच्या टोकाशी नसून मापकाच्या टोकाशी असल्यास नळीतील जागा शेष घनफळात मिळते. उदाहरणातील सिलिंडरमध्ये ५ घन सेंटीमीटरची अशी भर पडल्यास नोंद १२.७ वरून सुमारे ११.३ बारवर येते. लहान मोटारसायकलच्या इंजिनात हा परिणाम आणखी मोठा असतो.

काजळी व तेल: ज्वलनकक्षात साचलेल्या काजळीमुळे शेष घनफळ कमी होऊन दाब वाढतो. सिलिंडरमध्ये जास्त तेल चढत असल्यास ते रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवते. त्यामुळे तेल जाळणाऱ्या इंजिनाची नोंदही चांगली दिसू शकते. प्रमाणाहून अधिक दाब हे उत्तम प्रकृतीचे लक्षण मानता येत नाही.

दाबमोचक यंत्रणा: पायाने किंवा हाताने सुरू कराव्या लागणाऱ्या काही इंजिनांत सुरुवातीला दाब कमी करणारी योजना असते. हँडल मारून सुरू करायच्या शेतपंपांच्या डिझेल इंजिनांवर अशी तरफ आढळते. काही छोट्या इंजिनांत ती कॅमशाफ्टवर आपोआप काम करते. अशा इंजिनाची नोंद गुणोत्तराच्या मानाने फार कमी येते.

नोंदींचे वाचन

सर्व सिलिंडरांच्या नोंदी एकमेकींच्या जवळ असणे, हा पहिला निकष आहे. सर्वांत कमी नोंद सर्वांत जास्त नोंदीच्या किमान ७५ टक्के असावी, असा एक रूढ ठोकताळा आहे. संबंधित इंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेली मर्यादा उपलब्ध असल्यास तीच ग्राह्य धरावी लागते.

सर्व नोंदी सारख्या पण प्रमाणाहून कमी असल्यास सर्वांना समान असलेली कारणे आधी तपासतात: उंची, बॅटरी, थ्रॉटल, मापकाची अचूकता व झडपांची वेळ. त्यांचा निरास झाल्यावरच सर्वसाधारण झिजेचा विचार करतात. शेजारच्या दोन सिलिंडरांत दाब एकदम कमी असल्यास त्यांच्यामधील हेड गॅस्केट फुटल्याची शक्यता असते. एकाच सिलिंडरचा दाब शून्याजवळ असल्यास जळालेली किंवा वाकलेली झडप अथवा भोक पडलेला दट्ट्या कारणीभूत असू शकतो.

ओली चाचणी: कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर, इंजिन-तेल घालून चाचणी पुन्हा करतात. दाब बराच वाढल्यास दोष रिंगांत किंवा सिलिंडरच्या भिंतीत, आणि न वाढल्यास झडपांत किंवा गॅस्केटमध्ये मानला जातो. येथेही घनफळाचे भान ठेवावे लागते. तेल स्वतः जागा व्यापते. उदाहरणातील निकोप सिलिंडरमध्ये ५ मिलिलिटर तेल घातल्यास, रिंगांचा काहीही संबंध नसताना, नोंद १२.७ वरून सुमारे १४.६ बार होते. म्हणून सर्व सिलिंडरांत सारखेच तेल घालून वाढीची तुलना करणे इष्ट ठरते. डिझेल इंजिनात ओली चाचणी करू नये. तेथे शेष घनफळ अत्यल्प असल्याने न दबणारे तेल इंजिनाची मोडतोड करू शकते, तसेच ते पेट घेण्याचाही धोका असतो.

गळती चाचणी: दोष नेमका कोठे आहे, हे ठरवण्यासाठी दट्ट्या संपीडन-धावेच्या वरच्या टोकाशी स्थिर ठेवून बाहेरून दाबाची हवा सोडतात आणि किती टक्के हवा निसटते, ते मोजतात. सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू आल्यास निष्कास-झडप, हवा आत घेणाऱ्या मार्गातून आल्यास प्रवेश-झडप, तेल भरण्याच्या तोंडातून आल्यास रिंगा आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसल्यास हेड गॅस्केट सदोष असल्याचे समजते. ही चाचणी इंजिन न फिरवता होते, त्यामुळे फिरण्याच्या वेगाचा व झडपांच्या वेळेचा प्रश्न तिच्यात उरत नाही.

जुने वाहन विकत घेताना किंवा इंजिन खोलण्याचा खर्चिक निर्णय घेताना संपीडन चाचणीचा आधार घेतला जातो. एकाच नोंदीवरून असा निर्णय न घेता चाचणी पुन्हा करणे, ओली चाचणी व गळती चाचणी यांचे निष्कर्ष जुळवून पाहणे आवश्यक मानले जाते.

गुणोत्तर ठरवण्याची योग्य पद्धत

संपीडन गुणोत्तर उत्पादकाच्या माहितीपत्रकावरून समजते. इंजिनात फेरबदल झाले असल्यास ते घनफळे मोजूनच काढावे लागते. सिलिंडर-हेड उलटे ठेवून, झडपा व प्लग बसवून, त्यावर छिद्र असलेली पारदर्शक पट्टी चिकटवतात आणि ब्युरेटमधून पातळ तेल सोडून ज्वलनकक्षाचे घनफळ मोजतात. त्यात दाबलेल्या गॅस्केटच्या जाडीमुळे, दट्ट्या ब्लॉकच्या पृष्ठभागाखाली राहिल्यामुळे आणि दट्ट्याच्या माथ्यावरील खोलगटपणामुळे मिळणारी जागा मिळवतात. माथा उंचवट्याचा असल्यास तेवढी जागा वजा करतात.

उदाहरणातील सिलिंडरमध्ये ज्वलनकक्ष ३५.० घन सेंटीमीटर, ८१ मिलिमीटर व्यासाच्या व १ मिलिमीटर जाडीच्या गॅस्केटची जागा ५.२, अर्धा मिलिमीटर खाली राहणाऱ्या दट्ट्यामुळे २.५ आणि माथ्याच्या खोलगटपणामुळे २.० घन सेंटीमीटर धरल्यास शेष घनफळ ४४.७ घन सेंटीमीटर होते.

याच इंजिनाचे हेड घासून ज्वलनकक्ष २ घन सेंटीमीटरने कमी केल्यास गुणोत्तर १० वरून सुमारे १०.४ होते आणि चाचणीतील दाब घातांक १.२ धरून सुमारे ०.७ बारने वाढतो. इंजिन मुंबईहून पुण्याला आणल्यास होणारी घट सुमारे ०.८ बार आहे. गुणोत्तरातील असा बदल नोंदीत ओळखण्यासाठी आधीची व नंतरची चाचणी एकाच ठिकाणी, त्याच मापकाने आणि त्याच वेगाने झालेली असणे आवश्यक असते.

विशेष प्रकारची इंजिने

दोन धावांच्या इंजिनात निष्कास-द्वार मिटल्यानंतरच संपीडन सुरू होते. जपानी उत्पादक पुष्कळदा गुणोत्तर या क्षणापासून मोजून देतात, तर अनेक युरोपीय उत्पादक पूर्ण धाव धरतात. त्यामुळे दोन माहितीपत्रकांतील आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

ब्रिटिश अभियंता जेम्स ॲटकिन्सन यांनी १८८२ मध्ये प्रसरणाची धाव संपीडनाहून लांब असलेल्या इंजिनाची कल्पना मांडली. आधुनिक संकरित मोटारींत हाच परिणाम प्रवेश-झडप मुद्दाम उशिरा मिटवून साधतात. १९९७ मध्ये बाजारात आलेल्या टोयोटा प्रियसच्या इंजिनात ही योजना होती. अशा इंजिनांचे भौमितिक गुणोत्तर १३ च्या आसपास असले, तरी परिणामी गुणोत्तर आणि चाचणीतील दाब त्या मानाने बरेच कमी असतात. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात स्टार्टरच्या वेगाला टर्बो कार्य करीत नाही, म्हणून चाचणीतील दाब चालत्या इंजिनातील दाबाची कल्पना देत नाही. निसान कंपनीच्या बदलत्या गुणोत्तराच्या इंजिनात तर गुणोत्तरच ८ ते १४ यांदरम्यान बदलते. तेथे नोंद घेताना यंत्रणा कोणत्या स्थितीत होती, हे माहीत असल्याशिवाय नोंदीस अर्थ राहत नाही.

हे सुद्धा पहा

अंतर्ज्वलन इंजिन
ऑक्टेन अंक
डिझेल इंजिन
वातावरणीय दाब
आदर्श वायू नियम